हाय ग्रेड ब्रेन ट्यूमरवर सीएमई ठेवतोय, फॅमिली डॉक्टरांना नक्की काय सांगायचं?

गोदाकाठचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या जीपींचा (फॅमिली डॉक्टरांचा) एक ग्रुप आहे, अधूनमधून शालिमारच्या आयएमए हॉलला नाहीतर कुणाच्या तरी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर सीएमई (डॉक्टरांसाठीची लेक्चरं) ठेवतो. यावेळी विषय ठरलाय हाय ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ब्रेन ट्यूमरची ट्रीटमेंट, आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडलीय.

लेक्चरची जी पहिली यादी हातात आली ती बघून जरा डोकं खाजवलं. चार लेक्चर आणि चारही मॉलिक्युलर मार्कर (ट्यूमरच्या जीन्समधल्या खुणा), नवीन औषधं, नवीन मशीन यावर. चांगलंच आहे, पण समोर बसणार कोण? तर पेठ रोडचा, सिडकोचा, ओझरचा, पिंपळगावचा जीपी. तो काही टेमोझोलोमाइड (या ट्यूमरवरची केमोची गोळी) लिहून देणार नाहीये. पण ते टेमोझोलोमाइड घेणारा पेशंट ताप आला की रात्री साडेनऊला त्याच्याच दवाखान्यात येणार आहे. माझं म्हणणं एवढंच की सीएमई त्या साडेनऊच्या पेशंटवर पाहिजे. सर्जन, रेडिएशनवाले आपापलं काम करतातच, मधल्या सगळ्या दिवसांत पेशंट आपल्याकडे असतो आणि तिथेच घोळ होतात.

एक उदाहरण देतो. निफाडकडचे एक बागायतदार, पन्नाशीतले. ऐन गोडी छाटणीत गड्याला म्हणायचे "ते दे... ते दे ना, कापायचं", कात्री समोर दिसतेय पण नाव येईना. घरच्यांना वाटलं टेन्शन, फवारणीचा वास, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. मग उजवा हात जड पडायला लागला. एका ठिकाणी साधा सीटी झाला, तिथे छोटा स्ट्रोक म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मग फिट आली. तेव्हा कुठे काँट्रास्ट एमआरआय, त्यात डाव्या टेम्पोरल भागात (कानाजवळचा मेंदू) कड्यासारखी रिंग. ती रिंग बघून दुसऱ्या एका ठिकाणी एकेटी (टीबीची औषधं) चालू करायचा सल्ला मिळाला. बायोप्सी होईपर्यंत हात पूर्ण गेला होता.

तर सांगा, जीपीला काय कळलं पाहिजे? इथे डॉक्टर आहेत, मेडिकलवाले आहेत, घरी पेशंट असलेलेही आहेत, सगळ्यांनी लिहा. आणि कृपया राजकारण नको.

पंचवटीकर

पहिला मी. सीएमईला मिसळ असेल तर जीपी नसलो तरी येतो.

विषय गंभीर आहे, वाचतोय.

किरणवाला

धागा आवडला सर. रेडिएशनवाला आहे, नाशकातच.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. हाय ग्रेड म्हणजे एकच आजार नाही. ग्लायोब्लास्टोमा हा ग्रेड ४, सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात वाईट वागणारा. पण ग्रेड ३ चा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ज्यात आयडीएच जीनमध्ये म्युटेशन (बदल) असतं आणि क्रोमोसोमचे १पी/१९क्यू हे दोन्ही तुकडे गेलेले असतात, तो पेशंट रेडिएशन आणि पीसीव्ही (तीन औषधांची) केमो नीट झाली तर दहा-दहा वर्षंसुद्धा काढतो. आणि आपल्याकडे एमआरआयचा कागद बघूनच "सहा महिने आहेत हो, घरी न्या" सांगून मोकळे होणारे आहेत. बायोप्सीच्या आधी आयुष्य मोजून देऊ नका हे तुमच्या सीएमईचं पहिलं वाक्य असू दे, प्लीज.

ग्लायोब्लास्टोमाचं म्हणाल तर आजही पाया तोच आहे जो २००५ मध्ये घातला गेला. स्टुप आणि मंडळींची ट्रायल, ५७३ पेशंट. ६० ग्रे (डोसचं माप) रेडिएशन ३० फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे ३० हप्त्यांत, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, रविवारीसुद्धा, सुट्टी नाही. मग महिनाभर गॅप आणि पुढे २८ दिवसांत ५ दिवस, १५० ते २०० च्या डोसने, ६ सायकल. नुसत्या रेडिएशनमध्ये मीडियन सर्व्हायव्हल १२.१ महिने होतं ते १४.६ झालं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे अडीच महिने? एवढा खटाटोप, दागिने गहाण, शेत विकायचं, आणि मिळाले अडीच महिने? डॉक्टर लोक रागावतील पण हे कुणीतरी बोललं पाहिजे.

किरणवाला

रागावत नाही, हा प्रश्न रोज ओपीडीत येतो आणि यायलाच पाहिजे. पण मीडियन म्हणजे मधला माणूस. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे नंतर. त्याच ट्रायलमध्ये दोन वर्षांनी जिवंत किती? नुसत्या रेडिएशनमध्ये १०.४ टक्के, गोळी जोडली तर २६.५ टक्के. पाच वर्षांनी साधारण २ विरुद्ध १०. आता हे घरच्यांसमोर ठेवा आणि मग त्यांनाच ठरवू द्या. आणि टेमोझोलोमाइड आता जेनेरिक मिळतं, सुरुवातीला जी किंमत होती ती राहिलेली नाही. शेत विकायची वेळ बहुतेकदा दुसऱ्याच कशापायी येते, त्यावर नंतर लिहितो.

शिवाय सगळ्यांना सहा आठवडे लागत नाहीत. ६५ च्या वरच्या पेशंटवर २०१७ ला ट्रायल आली, ४० ग्रे फक्त १५ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे तीन आठवडे, आणि बरोबर टेमोझोलोमाइड. ७.६ वरून ९.३ महिने. सुरगाण्याहून येणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना तीन आठवडे आणि सहा आठवडे यात काय फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको.

काचपट्टी

पॅथॉलॉजीवाली. माझं गाऱ्हाणं ऐका.

ऑपरेशन होतं, गाठ काढली जाते, आणि तुकडा येतो सलाइनमध्ये! कधी एवढ्याशा फॉर्मेलिनमध्ये कोंबून. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट तरी, एवढंच हवंय. नंतर आयडीएच, एटीआरएक्स, १पी/१९क्यू, एमजीएमटी या जीन्सच्या तपासण्या, सगळं त्याच तुकड्यावर करायचं असतं, तो खराब झाला की परत डोकं उघडून आणणार का?

आणि २०२१ पासून डब्ल्यूएचओचं वर्गीकरण बदललंय हे जीपीला एका मिनिटात सांगून टाका, जास्त नको. पूर्वी नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून नाव ठेवायचो. आता ग्लायोब्लास्टोमा म्हणायचं तर आयडीएच नॉर्मल पाहिजे. आयडीएच म्युटेशन असलं तर ग्रेड ४ असला तरी तो अॅस्ट्रोसायटोमा, त्याची चाल वेगळी, तुलनेने बरी. उलट कधीकधी मायक्रोस्कोपखाली गरीब दिसतो पण जीन्स ग्लायोब्लास्टोमाचे निघतात, मग तो ग्रेड ४ च धरायचा. नातेवाईक रिपोर्ट घेऊन जीपीकडेच येतात ना अर्थ विचारायला.

सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉक (मेणात बसवलेला ट्यूमरचा तुकडा) आणि स्लाइड. पुढे मुंबईला दाखवायचं ठरलं तर तिथे पहिल्यांदा तेच मागतात. रिपोर्टचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि ब्लॉक लॅबमध्येच राहतो. जीपीने सांगावं, लॅबला अर्ज द्या, ब्लॉक सही करून घ्या, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण असतं त्यात.

गोदाकाठचा_डॉक्टर

मॅडम हे डॅशबोर्डचं भारी आहे, असं कुणी सांगतच नाही. एमजीएमटीबद्दल दोन ओळी?

काचपट्टी

टेमोझोलोमाइड ट्यूमरच्या डीएनएवर घाव घालतं, एमजीएमटी नावाचं प्रोटीन तो घाव भरून काढतं. ज्याच्या ट्यूमरमध्ये एमजीएमटीचा जीन मिथायलेशनमुळे बंद पडलाय त्याला गोळी जास्त लागू पडते. बस्स. नसेल तर गोळी द्यायचीच नाही असं नाही, पण म्हाताऱ्या, अशक्त पेशंटला फक्त रेडिएशन की फक्त गोळी असा प्रश्न आला की तिथे हा रिपोर्ट कामाला येतो.

न्यूरो_रेसिडेंट

आमच्याकडून थोडं. ड्युटीवर आहे, त्रोटक लिहितो.

रिंग दिसली की एकेटी, हे थांबलं पाहिजे. मान्य की आपल्या देशात टीबी आणि सिस्टिसर्कोसिस (मेंदूतली जंताची गाठ) आहेतच, प्रत्येक रिंग म्हणजे कॅन्सर नाही. पण भिंत जाडजूड, वेडीवाकडी, आतला भाग सडलेला, आजूबाजूला भरपूर सूज, पेशंट पन्नाशीचा, तर आधी न्यूरोसर्जनला दाखवा. एमआरआयच्या डिफ्यूजन फोटोत आतला भाग चकचकीत असेल तर पू असण्याची शक्यता जास्त. स्पेक्ट्रोस्कोपी, परफ्यूजन या एमआरआयच्याच जास्तीच्या तपासण्यांनी अंदाज पक्का होतो. खात्री मात्र तुकड्यानेच.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर साधा सीटी करून नॉर्मल म्हणून घरी पाठवू नका, काँट्रास्ट एमआरआय. सकाळी उठल्यावर जास्त होणारं डोकं दुखणं आणि त्याबरोबर उलटी, तीही मळमळ न होता भसकन, तर डोळ्याच्या डॉक्टरकडून फंडस (डोळ्याचा मागचा पडदा) बघून घ्या, नस सुजलेली दिसते.

लिंफोमाची (लिंफोसाइट पेशींचा कॅन्सर) शंका असेल तर बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड देऊ नका. गाठ विरघळल्यासारखी होते आणि तुकड्यात काही सापडत नाही. अर्थात पेशंट गुंगीत चालला असेल तर जीव आधी, स्टिरॉइड द्यायचंच.

न्यूरो_रेसिडेंट

अजून एक राहिलं. नातेवाईक विचारतात "सगळी गाठ काढली का". ग्लायोब्लास्टोमाची मुळं मेंदूत पसरलेली असतात, एमआरआयमध्ये दिसते तेवढी सगळी काढली तरी पेशी राहतातच, म्हणून पुढे रेडिएशन. तरीही जेवढी सुरक्षितपणे निघेल तेवढी काढायचीच. पेशंटला ५-एएलए नावाचं औषध पाजलं की निळ्या उजेडात ट्यूमर गुलाबी चमकतो, २००६ च्या जर्मन ट्रायलमध्ये पूर्ण गाठ निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. बोलण्याच्या, हाताच्या भागाजवळ असेल तर पेशंटला जागं ठेवून करतात, तो बोलत असतो आणि आम्ही काढत असतो. वर लिहिलेल्या बागायतदारांसारख्या केसमध्ये हेच. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय, नंतर केला तर जखमेची सूज आणि उरलेला ट्यूमर वेगळा ओळखू येत नाही.

कॉलेजरोड_काकू

आमच्या बिल्डिंगवर टॉवर आहे, सोसायटीला भाडं मिळतं म्हणून कुणी बोलत नाही. त्यानेच होतात ना हे ट्यूमर? मुलगा तर दिवसभर फोन कानाला लावून असतो.

किरणवाला

काकू, २०११ ला आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संस्था) मोबाइलच्या लहरींना "कदाचित कॅन्सर करणाऱ्या" या गटात टाकलं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्यानंतर भरपूर अभ्यास झाले, २०२४ ला डब्ल्यूएचओने करवून घेतलेला मोठा आढावा आला, त्यात मोबाइल वापरणाऱ्यांत ब्रेन ट्यूमर वाढल्याचं दिसलं नाही. पोरगा फोनवर असतो त्याचं टेन्शन वेगळ्या कारणांसाठी घ्या.

सिडको_मेडिकल

मेडिकल स्टोअर आहे, बावीस वर्षांचा अनुभव. डॉक्टर लोकांना न आवडणारं लिहितो.

टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल २०, १००, २५० अशा येतात. पेशंटला १२० चा डोस, म्हणजे एक शंभराची एक विसाची. चिठ्ठीवर इतकं गिचमिड असतं की पाच दिवसवाली सायकल आणि रोजवाली यात फरक कळत नाही. पाच दिवसांचा मोठा डोस कुणी महिनाभर रोज घेतला तर काय होईल विचार करा. चिठ्ठीवर चालू करायची तारीख आणि बंद करायची तारीख दोन्ही लिहा, अगदी मराठीत लिहा.

दुसरं म्हणजे कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून देणारे असतात, गिळता येत नाही म्हणून. ती पावडर हाताला, नाकात लागता कामा नये. रिकाम्या पोटी घ्यायची, अर्धा तास आधी उलटीची गोळी. हे आम्ही काउंटरवर सांगतो पण गर्दीत राहून जातं.

आणि डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइड). डेक्सा चार चार महिने रिपीट होत राहते. पेशंटचा पोरगा येतो, "तीच द्या, तिने बरं वाटतं". आम्ही चिठ्ठी मागितली तर शेजारच्या दुकानात जातो.

गोदाकाठचा_डॉक्टर

हेच! डेक्सावर एक अख्खं लेक्चर पाहिजे असं माझं कधीपासून म्हणणं आहे. डेक्साने ट्यूमर बरा होत नाही, आजूबाजूची सूज उतरते. दोन दिवसांत माणूस उठून बसतो, घरच्यांना चमत्कार वाटतो, म्हणून कुणी थांबवायला धजत नाही. मग साखर चढते, झोप उडते, तोंडात पांढरं येतं, चेहरा गोल होतो.

आणि मांड्या जातात. पेशंटला खुर्चीतून उठता येत नाही, संडासात बसलं की दोघांनी धरून उठवावं लागतं, पण हाताची पकड मात्र चांगली, बोलणं चांगलं. घरचे म्हणतात ट्यूमर वाढला. दोन्ही मांड्या सारख्याच अशक्त, पावलात ताकद शाबूत, तर आधी स्टिरॉइड मायोपथीचा (स्टिरॉइडने स्नायू अशक्त होण्याचा) विचार करा. ट्यूमरने अशक्तपणा येतो तो सहसा एका बाजूला येतो. एवढं बघायला एमआरआय लागत नाही, पेशंटला हाताचा आधार न घेता उठायला सांगा, झालं.

लागेल तेवढाच कमीत कमी डोस, सकाळी आणि दुपारी, रात्री उशिरा नको, आणि बंद करायची तर हळूहळू उतरवत. अचानक तोडली तर पेशंट कोसळतो.

किरणवाला

शंभर टक्के अनुमोदन. यात भर घालतो, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड बरोबर चालू असताना दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी). लिंफोसाइट (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी) खाली जातात, वर डेक्सा चालू असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचा धोका, म्हणून आम्ही सेप्ट्रान (अँटिबायोटिक) देतो. जीपी ती "ही कशाला उगाच" म्हणून बंद करतो. करू नका. सायकल चालू असताना प्लेटलेट सगळ्यात खाली जातात त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्यामुळे गोळ्या संपल्या संपल्या केलेला सीबीसी नॉर्मल आला म्हणून हुरळून जायचं नाही, साधारण २२ व्या दिवशीचा बघायचा.

ताप आला तर व्हायरल आहे म्हणून तीन दिवस वाट बघायची नाही. त्याच दिवशी काउंट.

एक पाय सुजला, पोटरी दुखते, तर मालिश नको, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी). या पेशंटना पायात रक्ताच्या गाठी होण्याचं प्रमाण खूप असतं. आणि फिटच्या गोळीबद्दल, एप्टॉइन स्वस्त आहे मान्य, पण लिव्हरमध्ये दुसऱ्या औषधांशी भांडते, डेक्साचा असर कमी करते. लेव्हेटिरासिटाम बरी पडते, फक्त काही पेशंट त्यावर चिडचिडे होतात. "बाबा असे नव्हते हो" म्हणून घरचे रडत आले तर ट्यूमर, डेक्सा, लेव्हेटिरासिटाम, तिघांवरही संशय घ्या. आणि ज्याला कधीच फिट आली नाही त्याला वर्षभर गोळी चालू ठेवायची गरज नसते.

सिन्नरची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय इथे, आत्तापर्यंत फक्त वाचत होते. माझ्या आईला होता ग्लायोब्लास्टोमा.

उंटावरचा शहाणा, तुम्ही अडीच महिन्यांचं विचारलंत. मला राग नाही आला, आम्हीही हेच विचारलं होतं. आईने रेडिएशन घेतलं, गोळ्या घेतल्या. मधल्या काळात भावाच्या लग्नात ती स्वतः हळद लावायला उभी होती, विग नको म्हणाली, डोक्याला पदर. त्यानंतर बोलणं गेलं. त्याची किंमत मी नाही काढू शकत, दुसऱ्या कुणी नाही घेतली ट्रीटमेंट तर त्यांनाही नावं नाही ठेवणार.

पण सीएमईत सांगाच असं एक आहे. रेडिएशन संपून महिना-दीड महिन्याने एमआरआय झाला, त्यात गाठ मोठी दिसली. एका ठिकाणी दाखवलं तर "वाढलंय, आता काही अर्थ नाही" म्हणाले, गोळ्या बंद करा. घरी आठवडाभर चूल नीट पेटली नाही. मग रेडिएशनच्या मॅडमनी सांगितलं थांबा, हे खोटं वाढणंही असू शकतं, परफ्यूजन करून दोन महिन्यांनी परत बघू. परत केला तेव्हा कमी झालं होतं. तेवढ्यात आम्ही गोळ्या बंद केल्या असत्या तर?

दुसरं, आईला बोलता येत होतं तेव्हा तिला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही. सगळे आम्हाला बाहेर बोलावून सांगायचे, तिला "बरं होईल मावशी" म्हणायचे. तिला सगळं कळत होतं.

किरणवाला

ताई, मनापासून धन्यवाद लिहिल्याबद्दल. तुमच्या आईच्या बाबतीत झालं त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. रेडिएशनमुळे तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या होतात, काँट्रास्ट बाहेर झिरपतो आणि एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसते, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. एमजीएमटी मिथायलेटेड असलेल्यांत जास्त दिसतं, म्हणजे ज्यांना गोळी चांगली लागू पडतेय त्यांनाच नेमकं सांगितलं जातं की गोळी बंद करा. म्हणून जीपीने रेडिएशननंतरचा पहिला रिपोर्ट वाचून निकाल देऊ नये, पेशंटला जिथे रेडिएशन झालं तिथे परत पाठवावं.

सिस्टर_नाशिकरोड

पॅलिएटिव्हमध्ये (आजार बरा न होणाऱ्यांचा त्रास कमी करायचं काम) काम करते. सिन्नरच्या ताई, तुमचं दुसरं म्हणणं तर पहिल्या लेक्चरला ठेवायला हवं. या आजारात भाषा, आठवण, समज ही आधी जाते, शरीर नंतर. फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट शेवटच्या आठवड्यातही सांगू शकतो की मला घरी न्या. इथे ती खिडकी लवकर बंद होते. त्यामुळे बँकेची सही, कोणत्या मुलाकडे राहायचं, नळी घालायची की नाही, हे सगळं डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावं, आणि ते जीपीलाच जमतं कारण तो तीस वर्षं ओळखतो त्या घराला.

घरी शेवटी शेवटी फिट आली तर काय करायचं हेही घरच्यांना शिकवा. कांदा, चप्पल नाकाला लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिलेला असेल तर रात्रीची धावपळ वाचते. गिळता येत नाही तेव्हा गोळ्या कशा द्यायच्या हे कुणी सांगतच नाही, मग फिटच्या गोळ्या आपोआप बंद होतात.

पंचवटीकर

सिस्टर आणि ताई, वाचून गप्प झालो. मिसळेचं मागे घेतो.

काका (डॉक्टरकाका म्हणतो, वयाने मोठे असाल), एक विचारू? शेजाऱ्यांचं म्हणणं की खरी ट्रीटमेंट फक्त मुंबईलाच होते. ते सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरून परळला जातात, रात्री परत. हे रोजचं रेडिएशन असेल तर कसं शक्य आहे?

गोदाकाठचा_डॉक्टर

चालतंय, काकाच म्हण.

रोज शक्य नाहीच. टाटाचं मत जरूर घ्यावं, बायोप्सी परत तपासून घ्यावी, कॉम्प्लिकेटेड केस असेल तर ऑपरेशनही तिथे. पण ३० फ्रॅक्शन रेडिएशन आता नाशकात होतं, लिनॅक (रेडिएशन देणारी) मशीन आहेत, डोस तोच आणि फ्रॅक्शनही तेवढेच. देशभरातली कॅन्सर सेंटर २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेलीत, त्यांच्या गाइडलाइन सगळ्यांना उघड्या आहेत, टाटानेच पुढाकार घेऊन केलंय ते. तिकडेच राहायचं ठरलं तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी, पेशंट आणि नातेवाईकांची सोय होते.

किरणवाला सर मघाशी म्हणाले की शेत विकायची वेळ दुसऱ्या कशापायी येते, ते लिहा ना.

किरणवाला

लिहितो, थोडं स्पष्टच. ट्यूमर परत आल्यावर काय, हा खरा अवघड भाग. पर्याय आहेत पण कुठलाच पक्का नाही. परत ऑपरेशन, परत रेडिएशन, लोमुस्टिन, बेव्हासिझुमॅब ही औषधं. बेव्हासिझुमॅबने सूज उतरते, डेक्सा कमी करता येते, पेशंटला बरं वाटतं, एमआरआय सुंदर दिसतो. पण सुरुवातीपासून दिलं तर आयुष्य वाढतं का हे बघणाऱ्या दोन मोठ्या ट्रायल २०१४ ला आल्या, आयुष्य वाढलं नाही. हे घरच्यांना सांगून मग द्या, न सांगता नको. डोक्याला पॅड चिकटवून विजेच्या लहरी सोडायचं यंत्र आहे, टीटीएफ, २०१७ च्या ट्रायलमध्ये १६ वरून २०.९ महिने आले, पण दिवसातले १८ तास लावून ठेवायचं, डोकं कायम भादरलेलं, आणि खर्च मध्यमवर्गीयांच्या आवाक्यापलीकडचा. आणि मग परदेशातून आणायच्या लसी, कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेली इंजेक्शनं. शेतं तिथे जातात.

आशेचं म्हणाल तर व्होरासिडेनिब हे आयडीएचवरचं औषध २०२४ ला अमेरिकेत मंजूर झालंय, पण ते ग्रेड २ साठी, हाय ग्रेडसाठी नाही. पेपरात "ब्रेन ट्यूमरवर गोळी सापडली" अशी बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत कात्रणं येतात.

उंटावरचा_शहाणा

सर आणि ताई, उत्तर मिळालं. माझा प्रश्न मागे नाही घेत, पण उत्तर मिळालं.

आता दुसरा. काढे, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल? घरोघरी चालू असतं, डॉक्टरांना सांगत नाहीत.

गोदाकाठचा_डॉक्टर

सांगत नाहीत कारण सांगितलं की ओरडा बसतो. माझा नियम, न ओरडता विचारायचं "अजून काय काय चालू आहे, सगळं पिशवीत घालून आणा". गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात, आणि टेमोझोलोमाइडनेही क्वचित लिव्हर बिघडतं. दोन्ही एकदम चालू असताना काविळ झाली तर दोष कुणाला देणार? म्हणून केमो चालू असेपर्यंत काढे बंद. जेवणातली हळद खा की हवी तेवढी.

सिडको_मेडिकल

योजनेचं पण सांगा सीएमईत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, रेडिएशन, केमो बसते, पण लोक आधी रोख भरतात आणि मग विचारतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. प्री-ऑथ (आधीची मंजुरी) आल्याशिवाय सुरू केलेलं नंतर बसवता येत नाही.

काचपट्टी

डॉक्टर, स्पॉन्सर कोण आहे? चार लेक्चर मॉलिक्युलवर (नव्या औषधांवर) का होती ते कळलं असेल तुम्हाला.

गोदाकाठचा_डॉक्टर

कळलं होतं मॅडम, म्हणूनच धागा काढला :) स्पॉन्सर नको असं ठरवलंय, वर्गणी काढू. हॉलचं भाडं आणि चहा-बिस्किटं, त्याला किती लागतात. क्रेडिट पॉइंटसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अर्ज टाकतोय, पाच वर्षांत ३० लागतात त्यामुळे गर्दी होईल, पण मला सही करून पळणारे नकोत, शेवटच्या लेक्चरनंतर सही ठेवणार.

यादी मोडून टाकलीय. पहिली फिट आणि रिंग न्यूरो रेसिडेंटच्या सरांकडे. फॉर्मेलिनची बाटली आणि ब्लॉक काचपट्टी मॅडम, तुम्ही. डेक्सा, सीबीसी, ताप, पाय, स्यूडोप्रोग्रेशन किरणवाला सर. घरचं सगळं सिस्टर. मॉलिक्युलला वीस मिनिटं आहेत, त्यातही "आत्ता नाशकात काय मिळतं" एवढंच.

सिन्नरच्या ताई, तुम्ही बोलाल का? पाच मिनिटं. नको वाटलं तर नाही म्हणा, अजिबात वाईट वाटणार नाही.

न्यूरो_रेसिडेंट

सरांना विचारलं, हो म्हणालेत. रविवार असेल तरच, ओटी नसते.

सिन्नरची_लेक

येते. पण समोर बसलेल्या डॉक्टरांना मी प्रश्न विचारणार, चालेल ना? मला भाषण जमत नाही.

गोदाकाठचा_डॉक्टर

चालेल, तेच पाहिजे. रविवारी सकाळी दहा, तारीख पक्की झाली की इथेच टाकतो. गाडी शालिमारला आणू नका, रविवार असला तरी पार्किंग मिळत नाही.